पाणी किती दिवसांनी घालायचं? (कुंड्या, वाफे, झाडं: सगळं इथेच)

खुरपं

कुठल्याही झाडाचा धागा असो, दहाव्या प्रतिसादापर्यंत "याला पाणी किती दिवसांनी?" हा प्रश्न येतोच. म्हणून पाण्यापुरता हा वेगळा धागा. खत, कीड, छाटणी यांचा पाण्याशी संबंध असेल तरच इथे लिहा.

माझं मत आधीच सांगतो: दिवस मोजून पाणी घालणं हीच पहिली चूक. एकच मनीप्लांट, एकच कुंडी. ऊन आणि वारा असला तर ३-४ दिवसांत सुकते, ढगाळ थंड हवेत तिलाच १२ दिवस लागतात. कुंडी मातीची की प्लास्टिकची, मुळं किती भरली आहेत, कुंडीत भरलेलं माती-खताचं मिश्रण कसलं आहे, यावरही ते बदलतं. वेळापत्रक ठेवायचंच असेल तर ते तपासण्याचं ठेवा. तपासलं म्हणजे घालायलाच हवं असं नाही.

शेतीतला 'वाफसा' हा शब्द कुंडीलाही तंतोतंत लागू पडतो. मातीच्या मोठ्या पोकळ्यांतलं पाणी निचरून तिथे हवा आली आहे आणि बारीक पोकळ्यांत ओल टिकून आहे, ती स्थिती म्हणजे वाफसा. मुळं श्वास घेतात, आणि ऑक्सिजन पाण्यातून हवेपेक्षा सुमारे १०,००० पट हळू पसरतो. त्यामुळे चिबडलेल्या मातीत मुळं आधी गुदमरतात. पिथियम, फायटोफ्थोरा या बुरशीसारख्या रोगजंतूंचे बीजाणू पाण्यात पोहत मुळांपर्यंत जातात, ते नंतर येऊन उरलेलं काम करतात. मुळं मेली की भरपूर ओल असूनही झाड मान टाकतं. मान टाकली म्हणून आणखी पाणी घातलं जातं, आणि झाड तिथेच संपतं.

तपासायला वरची माती बघू नका, ती फसवते. बोट दुसऱ्या पेरापर्यंत खुपसा. खोल कुंडीत लाकडी काडी तळापर्यंत घालून १० मिनिटांनी काढा: माती चिकटली, काडीचा रंग गडद झाला, तर थांबा. रोजच्या सरावाला सगळ्यात चांगली युक्ती म्हणजे कुंडी उचलून वजनाचा अंदाज घेणं.

गच्चीवाली

अगदी गरजेचा धागा. एक प्रश्न: पाणी घालताच दोन-तीन सेकंदांत ते खालच्या भोकातून बाहेर येतं, पण दुसऱ्या दिवशी झाड कोमेजलेलं. म्हणजे निचरा चांगला आहे की वाईट?

मुळाक्षर

@गच्चीवाली, तो निचरा नाहीच, पाणी मिश्रणाला बगल देऊन चाललंय. मिश्रण पूर्ण वाळलं की आक्रसतं आणि कुंडीच्या कडेने फट पडते. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), आणि त्याहून जास्त पीट मॉस (दलदलीतल्या शेवाळाचा भुसा), खडखडीत वाळल्यावर पाणी झिडकारतं. वरून ओतलेलं पाणी कडेच्या फटीतून थेट तळाशी येतं आणि मधला गोळा कोरडाच राहतो.

उपाय: बादलीत किंवा टबात कुंडीच्या निम्म्या उंचीपर्यंत पाणी घ्या, त्यात कुंडी २०-३० मिनिटं ठेवा. वरची माती गडद झाली की पाणी केशाकर्षणाने वरपर्यंत पोचलं. मग बाहेर काढून पूर्ण निथळू द्या. घाई असेल तर कुंडी काठोकाठ बुडवून बुडबुडे थांबेपर्यंत धरा, फक्त हलकं कोकोपीट तरंगून वर येतं, त्यावर हात ठेवावा लागतो. मोठी, न हलणारी कुंडी असेल तर बारीक काडीने ७-८ ठिकाणी भोकं पाडा आणि तीन हप्त्यांत पाणी द्या: थोडं, १० मिनिटं थांबून पुन्हा थोडं, मग भरपूर. पहिल्या हप्त्याने मिश्रण पाणी स्वीकारायला तयार होतं.

कुंडीभर मुळंच मुळं झाली असतील तरी हीच लक्षणं दिसतात. तिथे भिजवून भागत नाही, कुंडी बदलावी लागते. नवी कुंडी व्यासाने ३-५ सेंमीच मोठी घ्या. एकदम दुप्पट घेतली तर मुळं पोचलेलीच नाहीत त्या मातीतलं पाणी कोण पिणार? ती माती आठवडे-आठवडे ओली राहून कुजते.

झारीवाला

निचऱ्यासाठी तळाला विटांचे तुकडे किंवा खडीचा ३-४ सेंमी थर द्या. अर्धे प्रश्न तिथेच सुटतात.

मुळाक्षर

@झारीवाला, इथे असहमत. पिढ्यान्‌पिढ्या सांगितला जाणारा हा सल्ला उलटा पडतो.

भांडी घासायचा स्पंज पूर्ण भिजवून तळहातावर आडवा धरा. ठिबकायचं थांबलं की तोच उभा करा: पुन्हा पाणी गळायला लागतं. स्पंज तोच, पाणी तेच, उंची तेवढी बदलली. कुंडीतही असंच होतं. निथळून झाल्यावर तळाशी एक संपृक्त थर उरतोच, आणि त्याची जाडी मिश्रणाच्या कणांवर ठरते, कुंडीच्या उंचीवर नाही. बारीक कण असतील तर जाड थर, भरड असतील तर पातळ. खाली खडी टाकली की बारीक माती आपलं पाणी खडीच्या मोठ्या पोकळ्यांत सहज सोडत नाही, ते धरून ठेवते. म्हणजे तो चिबड थर तळाऐवजी खडीच्या वर बसतो, मुळांच्या आणखी जवळ. शिवाय कुंडीची ३-४ सेंमी उंची वाया.

याच कारणाने उथळ, पसरट कुंडी त्याच मिश्रणात उंच कुंडीपेक्षा ओली राहते. निचरा सुधारायचा तर तळाला काही न घालता सगळ्या मिश्रणातच ३-६ मिमीचं पर्लाइट, प्युमिस (दोन्ही हलके, सच्छिद्र खडे) किंवा भरड कोळसा एकजीव करा. घरातल्या पानांच्या झाडांना एकूण आकारमानाच्या पाव ते एक तृतीयांश, निवडुंगाला निम्म्यापेक्षा जास्त. बारीक वाळू मात्र नको, ती होत्या त्या पोकळ्याही बुजवते. माती भोकातून वाहून जाऊ नये म्हणून जाळीचा एक तुकडा किंवा एकच खापरी पुरते.

झारीवाला

स्पंज करून पाहिला. बरोबर आहे. विटा मागे.

ओलटोक

वजनाचा मुद्दा खुरपं यांनी एका ओळीत उरकला, तो जरा नीट. ज्यांना अंदाज येत नाही त्यांनी साधा वजनकाटा घ्यावा. पाणी घालून पूर्ण निथळल्यावर कुंडी तोला, समजा ३.२ किलो. झाडाला पाणी हवंय असं काडीने ठरलं त्या दिवशी पुन्हा तोला, समजा २.६ किलो. फरक ६०० ग्रॅम म्हणजे ६०० मिली पाणी. पट्टीवर '३.२ / २.६' लिहून कुंडीला चिकटवा. महिन्याभरात हात तयार होतो आणि काटा लागत नाही. झाड वाढेल तसे आकडे सरकतात, म्हणून दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तोलायचं.

बाजारातल्या दोन सळ्यांच्या ओलावामापकावर फार विसंबू नका. बहुतेक स्वस्त मापकं ओल मोजत नाहीत, विद्युतवहन मोजतात. खताचे क्षार साठलेले असतील तर कोरडी मातीही 'ओली' दाखवतात. आणि भरड, पोकळ मिश्रणात सळीला कण नीट टेकत नाहीत, तेव्हा ओली मातीही 'कोरडी'.

पानगळ

किती घालायचं यावर कुणी बोललंच नाही अजून. एक कप, दोन कप असं मोजून घोटभर पाणी देणं अर्धवट आहे. वरचे ४ सेंमी ओले, खाली कोरडं, मुळं वर गोळा होतात. एकदा घातलं की भोकातून बाहेर येईपर्यंत घाला, आणि घातलेल्याच्या १०-२० टक्के पाणी वाहून जाऊ द्या. त्यासोबत क्षार निघून जातात. कोरडी झालेली कुंडी पुरती भिजायला तिच्या आकारमानाच्या साधारण पाव भाग पाणी लागतं, म्हणजे ८ लिटरच्या कुंडीला २ लिटर. ताटलीत जमलेलं पाणी अर्ध्या तासात ओतून टाका, नाहीतर वाहून गेलेले क्षार तळातून परत वर शोषले जातात.

भोक नसलेली शोभेची कुंडी असेल तर झाड भोकाच्या प्लास्टिक कुंडीत ठेवून ती आत बसवा. पाणी घालताना बाहेर काढा, निथळून परत ठेवा.

हळदीपान

मातीवर आणि कुंडीच्या कडेला पांढरी पापडी धरते, स्पायडर प्लांटची टोकं तपकिरी. पाणी बोअरचं. रात्रभर उघडं ठेवून घातलं तर चालेल का?

क्षारपाणी

@हळदीपान, उघडं ठेवण्याने फक्त क्लोरीन उडतो, आणि नळाच्या पाण्यात असतो तेवढ्या क्लोरीनने कुंडीतल्या झाडाला सहसा काही होत नाही. काही ठिकाणी क्लोरीनऐवजी क्लोरामाइन वापरतात, ते रात्रभरात उडतही नाही. कॅल्शियम, सोडियम, फ्लोराइड तर उडण्यातले नाहीतच. उलट पाणी बाष्प होऊन कमी झालं की त्यांचं प्रमाण वाढतं. रात्रभर ठेवण्याचा खरा फायदा एकच, पाणी खोलीच्या तापमानाला येतं.

पांढरी पापडी म्हणजे कॅल्शियमचे क्षार आणि शिल्लक राहिलेलं खत. वरचे १-२ सेंमी खरवडून टाका आणि कुंडीच्या आकारमानाच्या दुप्पट पाणी सावकाश घालून क्षार धुऊन काढा. ५ लिटरची कुंडी असेल तर १० लिटर, अर्ध्या-पाऊण तासात, न थांबता निथळू देत. कठीण पाणी असेल तिथे हे २-३ महिन्यांनी करावं. धुतल्यावर पुढच्या पाण्यासोबत अर्ध्या मात्रेचं खत द्या, कारण नत्रही धुऊन गेलेलं असतं.

तपकिरी टोकांचं कारण क्षार किंवा फ्लोराइड. स्पायडर प्लांट, ड्रेसिना, कॉर्डिलाइन ही फ्लोराइडला हळवी. त्यांना पावसाचं साठवलेलं पाणी द्या, किंवा आरओचं शुद्ध पाणी निम्मं मिसळा. आरओतून बाहेर टाकलं जाणारं पाणी मात्र कुंडीला नको, त्यात मूळ पाण्यातले क्षार एकवटलेले असतात. मिठावर चालणाऱ्या सॉफ्टनरचं पाणी तर अजिबात नको: कॅल्शियम काढून त्या जागी सोडियम येतं, आणि सोडियमने मातीची रचनाच बिघडते. एसीतून ठिबकणारं पाणी जवळजवळ क्षारविरहित असतं, बोअरच्या पाण्यात मिसळायला चांगलं.

आणखी एक. कठीण पाण्यातल्या बायकार्बोनेटमुळे मातीचा सामू (pH) हळूहळू चढतो आणि लोह असूनही मुळांना घेता येत नाही. तेव्हा *कोवळी* पानं पिवळी पडतात, शिरा हिरव्या राहतात. पाणी जास्त झाल्याने येणारा पिवळेपणा बहुतेकदा खालच्या, *जुन्या* पानांपासून सुरू होतो. हा फरक लक्षात ठेवला तर निदान चुकत नाही.

गच्चीवाली

आणि भर दुपारी पाणी घातलं तर थेंबांची भिंगं होऊन पानं जळतात, हे?

पानगळ

गुळगुळीत पानांवर नाही. २०१० साली हंगेरीच्या संशोधकांनी हे तपासलं. मेपल, गिंको यांच्या पानांवर थेंब पसरट बसतो, त्याचा केंद्रबिंदू पानाच्या बऱ्याच खाली जातो. लव असलेल्या, पाणी झिडकारणाऱ्या पानांवर थेंब लवेच्या टोकांवर गोल तोलून राहतो, तिथे मात्र जळू शकतं.

तरीही सकाळची वेळ उत्तम, पण कारणं वेगळी. बाष्पीभवन कमी, आणि भिजलेली पानं दिवसभरात सुकतात. रात्रभर ओल्या राहिलेल्या पानांवर बुरशीजन्य ठिपके सहज येतात. दुपारी उन्हात पडून राहिलेल्या नळीतलं पाणी हात भाजेल इतकं गरम असतं, ते आधी बादलीत सोडून द्या. झाड तहानेने खरोखर वाळत असेल तर मात्र मुहूर्त बघत बसू नका, दुपारी घाला, पण बुंध्याशी.

दुपारी भोपळा, काकडी, हायड्रेंजिया यांची पानं लोळतात, माती ओली असली तरी. मुळं देतात त्याहून वेगाने पानांतून पाणी जात असतं. संध्याकाळी पुन्हा बघा. उभी राहिली तर पाण्याची गरज नव्हती. सकाळीसुद्धा लोळलेली दिसली तर ती खरी तहान, किंवा मूळकूज.

खुरपं

आता जमिनीवरच्या बागेकडे येऊ. इथे मोजायला सोपं सूत्र: १ मिमी पाणी म्हणजे दर चौरस मीटरला १ लिटर. भाजीच्या वाफ्याला मध्यम हवेत आठवड्याला २५ मिमी धरतात, म्हणजे चौरस मीटरला २५ लिटर. ३ बाय १ मीटरच्या वाफ्याला ७५ लिटर, दोन पाळ्यांत. पाऊस झाला तर तो वजा करा. कडक उन्हात आणि फळं भरताना दीडपट लागू शकतं.

हे २५ मिमी रेताड मातीत ३० सेंमीपर्यंत उतरतं, पोयट्यात १५-२० आणि चिकणमातीत फार तर १०-१२. रेतीत पाणी खोल जातं पण टिकत नाही, म्हणून तेच पाणी दोन-तीन पाळ्यांत विभागून द्या. चिकणमातीत सावकाश द्या: वरून वाहायला लागलं की थांबा, अर्ध्या तासाने पुन्हा. रोज नळीने शिंपडून माती फक्त वरवर ओली करणं सगळ्यात वाईट. बरंच पाणी उडून जातं आणि मुळं वरच्या ५ सेंमीत अडकतात. पाणी दिल्यावर तासाभराने खुरप्याने खणून ओल कुठवर गेली ते बघा. पहिल्यांदा बघणाऱ्याला बहुतेक धक्काच बसतो.

टोमॅटोच्या तळाला काळा खोलगट डाग पडतो, तो बहुतेक वेळा मातीत कॅल्शियम नाही म्हणून नसतो. कॅल्शियम पाण्यासोबतच वाहतं. एकदा कोरडं, एकदा चिबड असं झालं की ते फळाच्या टोकापर्यंत पोचत नाही. कोरड्यावर एकदम भरपूर पाणी पडलं तर फळं तडकतात. ५-७ सेंमी पालापाचोळ्याचं आच्छादन दोन्ही सावरतं, फक्त खोडापासून चार बोटं लांब ठेवा.

आळेकरी

झाडांचं आळं खोडाला चिकटून करू नका. पाणी शोषणारी बारीक मुळं फांद्यांच्या पसाऱ्याच्या कडेखाली आणि त्याबाहेर असतात. लिंबूवर्गीय झाडांना दुहेरी आळं: आतली मातीची बांगडी खोडापासून ३०-४५ सेंमीवर, बाहेरची पसाऱ्याच्या कडेला, पाणी फक्त दोन्हींच्या मध्ये. खोड कोरडं राहिलं की फायटोफ्थोरामुळे होणारा डिंक्या (खोडातून डिंक गळण्याचा रोग) बराच आटोक्यात राहतो. नव्या लावलेल्या रोपाला याचा अपवाद: त्याची मुळं अजून मूळ गोळ्यातच असतात, आणि आजूबाजूची माती ओली असून गोळा कोरडाच राहू शकतो. पहिले काही आठवडे पाणी नेमकं गोळ्यावर, मग आळं हळूहळू बाहेर सरकवत न्या.

तोटी

ठिबकवाल्यांसाठी. टाकीवरून बसवलेलं ठिबक चालत नाही याची बहुतेक कारणं दाबात असतात. १० मीटर उंची म्हणजे साधारण १ बार. टाकी ३ मीटर वर असेल तर मिळतो ०.३ बार. दाब सारखा राखणारे ड्रिपर (थेंब थेंब पाणी सोडणाऱ्या तोट्या) इतक्या कमी दाबावर नीट काम करत नाहीत, तिथे साधे किंवा कमी दाबाचे ड्रिपर लावा. टायमर घेतानाही बघा: सोलेनॉइड (विद्युतचुंबकाने उघडणाऱ्या) झडपेच्या कित्येक टायमरांना उघडायला किमान दाब लागतो, बॉल व्हॉल्व्हचा टायमर शून्य दाबावरही चालतो.

टाकीनंतर लगेच १२० मेशची (इंचाला १२० छिद्रं असलेली) जाळीची गाळणी, मग १६ मिमी नळी. तपासायला पहिल्या आणि शेवटच्या ड्रिपरखाली १५ मिनिटं भांडं ठेवा. ताशी ४ लिटरचा ड्रिपर असेल तर १ लिटर जमायला हवं. सगळीकडेच सारखं कमी येत असेल तर दाब कमी किंवा गाळणी तुंबलेली. फक्त शेवटी कमी, तर नळी फार लांब. मधलाच एखादा कमी, तर तो ड्रिपर तुंबलाय. महिन्यातून एकदा शेवटचं टोक उघडून पाणी स्वच्छ येईपर्यंत वाहू द्या. कॅल्शियमने तुंबलेले ड्रिपर काढून रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवले की बहुतेक मोकळे होतात.

चिकणमातीत एका ड्रिपरची ओल आडवी पसरते, रेतीत सरळ खाली जाते. म्हणून रेतीत ड्रिपर ३० सेंमीवर, चिकणमातीत ५०-६० सेंमीवरही चालतात. कुंडीत भरड मिश्रण असेल तर एकाऐवजी दोन ड्रिपर, नाहीतर एका बाजूला ओलं, एका बाजूला कोरडं ठाक.

हळदीपान

ऑर्किड, निवडुंग, आफ्रिकन व्हायोलेट यांना हेच नियम?

ओलटोक

तिघांचं वेगळं. फॅलेनॉप्सिस ऑर्किडची मुळंच सांगतात: कोरडी चंदेरी, पाणी प्यायलेली हिरवी. चंदेरी झाली की १०-१५ मिनिटं बुडवून निथळा. पानांच्या बेचक्यात पाणी साचलं तर कागदाने टिपून घ्या, नाहीतर कोंब कुजतो. निवडुंग आणि मांसल पानांची झाडं पूर्ण कोरडी होऊ द्या, मग एकदम भिजवा. थंडीत वाढ थांबलेली असताना महिन्यातून एकदाही पुरे. झीझी आणि स्नेक प्लांट खाली कंदात पाणी साठवतात, त्यांनाही हाच न्याय. आफ्रिकन व्हायोलेटच्या पानांवर थंड पाणी पडलं की फिकट वळी उमटतात, ती जात नाहीत. म्हणून कोमट पाणी, तेही खालून.

फवाऱ्याबद्दल कुणी विचारण्याआधीच: पानांवर पाणी फवारल्याने हवेतली आर्द्रता काही मिनिटंच वाढते. ते पाणी घालण्याला पर्याय नाही.

गच्चीवाली

दोन आठवडे घर बंद असेल तर? उलटी बाटली खोचतात तशी?

तोटी

उलटी बाटली भरड मिश्रणात काही तासांतच रिकामी होते, आणि चिकट मातीत तोंडाशी तुंबून तशीच राहते. वात जास्त भरवशाची. ६-८ मिमीची पॉलिएस्टर दोरी (सुती काही आठवड्यांत कुजते), आधी पाण्यात भिजवलेली, एक टोक कुंडीच्या भोकातून ७-८ सेंमी आत, दुसरं खालच्या डब्याच्या तळाला. पाण्याची पातळी कुंडीच्या तळापासून १०-१५ सेंमीपेक्षा खाली जायला नको, म्हणून उंच अरुंद डब्यापेक्षा पसरट डबा घ्या. डब्याला झाकण ठेवा, डास होतात. निघायच्या आठवडाभर आधी लावून २४ तासांत किती पाणी उतरतं ते मोजा आणि दिवसांनी गुणा. झाडं खिडकीपासून मागे घेतली आणि एकत्र ठेवली की खप आणखी कमी होतो.

क्षारपाणी

वात कायमची ठेवणार असाल तर एक भर: पाणी सतत खालून वर जातं, त्यामुळे क्षार वरच्या थरात साठतात. महिन्या-दोन महिन्यांनी वात काढून वरून भरपूर पाण्याने धुवा.

गच्चीवाली

आणि झाड आधीच चिबडलेलं असेल तर? मातीला कुजका वास येतोय, काठावरची दोन पानं पिवळी.

मुळाक्षर

वास आला म्हणजे वाट बघू नका. गोळा बाहेर काढा. पांढरी किंवा फिकट टणक मुळं चांगली. काळी, बुळबुळीत, ओढल्यावर साल निघून आत दोरा उरतो ती मेलेली, निर्जंतुक केलेल्या कात्रीने टणक भागापर्यंत कापा. जेवढी मुळं गेली त्या प्रमाणात पानंही कमी करा. उरलेल्या मुळांना पुरेल इतकीच कुंडी घ्या, बहुतेकदा जुनीपेक्षा लहान, आणि ताजं भरड मिश्रण. एकदा हलकं पाणी, मग काडी कोरडी येईपर्यंत काही नाही. नवी पालवी येईपर्यंत खत बंद, उन्हाऐवजी उजेडात ठेवा. सगळीच मुळं काळी निघाली तर वरचा टणक शेंडा कापून छाटकलम लावा, खालचं टाकून द्या.

गच्चीवाली

काढला गोळा. निम्मी पांढरी आहेत. तळाला खडीचा थर निघाला, चांगला चार बोटं.

झारीवाला

:(